सुनेच्या मशीनवरचं ओलं गोणपाट

आता मशीन नीट चालतं, म्हणून लिहितोय. चालत नसतं तर लिहिलं नसतं. माझी चौथी झालेली. हात नांगराला बसलेला, पेन त्यात नीट धरवत नाही. पण सून म्हणाली, बाबा, हे तुम्हीच लिहा, मी सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. म्हणून तिच्याच वहीत लिहितोय.

बायको गेली गेल्या भादव्यात. त्यानंतर पाच महिने मी या घरात एकटा होतो. कशेळ्याच्या अलीकडे आमचं गाव आणि घर गावाच्या टोकाला. सकाळी भात टाकायचा, तोच दुपारी खायचा, उरला तर तोच रात्री. बोलायला कोणी नसलं की माणूस भांड्यांशी भांडतो. मी भांडलोय. एका टोपाला शिव्या घालताना शेजारणीने ऐकलं, तेव्हा गप्प झालो.

पोरगा आणि सून तेव्हा शेलूला भाड्याच्या खोलीत राहायचे. पोरगा खालापूरकडे कारखान्यात कामाला आहे, मोटारसायकलने जातो-येतो. सून कल्याणची, शिकलेली, तिचं काम घरूनच चालतं, कंप्युटरवर. माघात पोरगा एकटाच आला आणि ओटीवर बसून म्हणाला, "बाबा, आमी हितं येतो राहायला."

"कशाला? मी काय मेलोय?"

"मेला नाय म्हणूनच येतो."

"आणि हिचं काम?"

"उन्हाळा काढून बघू. हिचं मशीन हितं चाललं तर राहू."

"नाय चाललं तर?"

"तर बघू."

आले. पण शेलूची खोली सोडली नाही. निम्मं सामान आत ठेवून कुलूप घातलं. मी समजायचं ते समजलो. एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून माणूस जेवायला बसतो, तसं ते. मला ते राहायला हवे होते. हे मी कोणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा मी जन्मात कधी "राहा" म्हटलेलं नाही. ती आपली राहिली.

मशीन म्हणजे काळा डबा, मांडीएवढ्या उंचीचा, एका बाजूला काच. पोरग्याने ते पुढच्या पत्र्याच्या खोलीत लावलं. ती खोली त्यानेच लग्नाच्या वेळी बांधली होती. मी सुनेला विचारलं, "ह्यात हाय काय एवढं?"

"सोळा कोर आहेत, बाबा."

"सोळा कोर म्हणजे चार भाकऱ्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मी तिला सांगितलं की भाकरी मोडली की चार कोर होतात, तुझी सासू चार-चार कोरी रचून ठेवायची. ती इतकी हसली की पोरगा बाहेरून आत आला. या घरात पाच महिन्यांनी कोणी हसलं होतं.

"तसली कोर नाही, बाबा. हे गडी समजा. एका डब्यात सोळा गडी बसलेत. काम वाटून घेतात."

"सोळा गडी म्हणजे सोळा तोंडं."

"तेच तर दुखणं आहे. सगळे एकदम कामाला लागले की लाईट खूप खातात, आणि खाल्लेलं सगळं तापून बाहेर टाकतात."

सुनेचं काम ऐकाल तर हसाल. जी बिल्डिंग अजून बांधलीच नाही तिचं ती चित्र काढते, फोटोसारखं. शेलू, नेरळ, वांगणी, तिकडे जिथे जिथे टॉवर होणार, तिथली. मला तिने एक दाखवलं. बारा मजले, पुढे पोहायचा तलाव, बायका छत्रीखाली बसलेल्या. मागे डोंगर ओळखीचा वाटला. मी म्हटलं, हे भाताचं रान आहे, मी इथे लावणीला गेलोय. ती म्हणाली, हो, तेच. "मग ह्यात खरं काय?" मी विचारलं. तिने जरा बघितलं आणि म्हणाली, "डोंगर तेवढा खरा आहे."

फाल्गुनापर्यंत बरं चाललं. चैत्र लागला आणि मशीन बंद पडायला लागलं. दुपारी पत्रा तापायचा, खोलीत उभं राहवायचं नाही, त्यात हे सोळा गडी आत भट्टी पेटवून बसलेले. आधी डब्यातले पंखे घोंगावायचे, गिरणीसारखे, मग एकदम गप्प. सुनेच्या तोंडून "गेलं" एवढंच यायचं. तासन्‌तास मशीनमध्ये शिजत घातलेलं चित्र अर्ध्यावर जायचं. पुन्हा पहिल्यापासून.

आधी वाटलं लाईटचा दोष. कशेळ्याचा वायरमन बोलावला. त्याने मशीन चालू ठेवून जुन्या घराच्या भिंतीवरून येणाऱ्या वायरीला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"मामा, ही वायर कधीची?"

"पोरगा पाळण्यात होता तेव्हाची."

"मग पोराच्या लग्नात हिला पण रिटायर करायची होती. हात लावा. तापलीय. एका बल्बाची वायर ही, तुमी तिच्यावर हत्ती बांधलाय."

त्याने मशीनला मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून दिली, जमिनीत अर्थिंगची सळई ठोकली. त्यानंतर मीटरजवळचं बटण सारखं पडायचं ते थांबलं. मशीन मात्र थांबायचं थांबलं नाही.

सुनेने मला एकदा नीट सांगितलं. आत गरमी मोजायचा काटा आहे. पंच्याण्णवच्या आसपास पोचला की मशीन आधी हळू होतं. तरी निवलं नाही तर स्वतःहून बंद पडतं, आतलं जळू नये म्हणून.

मी म्हटलं, "एवढी अक्कल आहे त्याला?"

"बनवणाऱ्याने घातलीय."

मी उठून बाहेर गेलो. तिला वाटलं मला कंटाळा आला. तसं नव्हतं. तिची सासू अंगात ताप घेऊन लावणीला वाकत होती. आठ दिवस. म्हणायची, एवढं रान संपू दे. तिला कोणी काटा लावला नव्हता. आणि मी बांधावर उभा होतो, माझ्या तोंडातून "बस आता" निघालं नाही. रान संपलं. महिनाभराने ती संपली. डॉक्टर म्हणाला, आधी आणायला हवं होतं. ते मलाही कळतंय.

असो. तर तो शुक्रवार.

नेरळच्या रस्त्यावर लावायच्या मोठ्या बोर्डासाठी एक चित्र होतं. मुंबईच्या बिल्डरला ते सोमवारी सकाळी पाहिजे होतं. सुनेचं तीनदा अर्ध्यात गेलेलं. सात तासांचं एकच चित्र, मधे थांबलं की पाण्यात. शुक्रवारी तिने सकाळी आठला लावलं, दारं-खिडक्या उघडल्या, टेबलफॅन त्याच्या तोंडाशी ठेवला. दुपारी बारापर्यंत चाललं. ती दोन दिवस धड झोपली नव्हती. मला म्हणाली, "बाबा, मी जरा पडते. कशाला हात नका लावू."

मी हात लावणार नव्हतोच. पण पंखे ओरडायला लागले. मी मागच्या बाजूला हात धरला. चुलीच्या तोंडाशी धरावा तसा वारा. मला वाटलं, आता हे पडणार आणि पोर पुन्हा "गेलं" म्हणणार. घरात उन्हाळ्यात गार काय असतं? माठ. माठ गार कशाने राहतो? ओल्या गोणपाटाने. पन्नास वर्षं बघतोय.

मी पडवीतलं गोणपाट घेतलं, विहिरीच्या पाण्यात बुडवलं, थेंब पडू नये म्हणून दोनदा पिळलं. पाणी आत गेलं तर वाईट, एवढं मला कळत होतं. मग डब्याच्या मागून आणि वरून नीट लपेटलं, माठाला गुंडाळतो तसं. वाऱ्याची बाजू पूर्ण झाकली. गरम वारा अंगावर यायचा बंद झाला. मला वाटलं, झालं काम.

पंखे आणखी मोठ्याने ओरडले. मग एकदम गप्प.

मला वाटलं, निवलं.

मी ओटीवर जाऊन बसलो. खरं सांगतो, छाती फुगली होती. एवढी शिकलेली माणसं, आणि गोणपाट कोणाला सुचलं नाही. तपकीर ओढली. पोरगा घरी आला की कसं सांगायचं ते मनात लावत बसलो.

सून उठली ती आवाज नाही म्हणून. आत गेली.

"बाबा, हे कोणी केलं?"

"मी. तापलं होतं."

तिने गोणपाट काढलं, बाहेर आणलं, कुंपणावर वाळत घातलं. चारही टोकं सरळ करून. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत जाऊन तिने पोराला फोन लावला. पत्र्याच्या भिंतीला कान लावावा लागत नाही.

"नाही रे, इथे नाही होणार. शेलूला जाऊ या. तिथे निदान एसी आहे... नाही, बाबांना काही बोलू नकोस. त्यांनी चांगल्यासाठीच केलं."

शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. त्या रात्री मी जेवलो नाही. पोरगा म्हणाला, "बाबा, काय झालं?" मी म्हटलं पोटात गच्च आहे. त्याने पुढे विचारलं नाही. त्याला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

शनिवारी सकाळी सून अंगणात दात घासत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"पोरी, मला एक सांग. माठ गार होतो नि तुझा डबा का नाय होत?"

तिने चूळ भरली. "माठ पाझरतो, बाबा. पाणी बाहेर येतं, उडून जातं, जाताना गरमी घेऊन जातं. डबा पाझरत नाही. त्याची गरमी जायला मागची एकच वाट. ती तुम्ही बंद केलीत."

मी खाली बसलो. ओल्या पेंढ्याची उडवी रचली आणि मधे वाफेला वाट ठेवली नाही, तर आतून तापते, हात घालवत नाही, काळी पडते. हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. गेल्याच वर्षी शेजाऱ्याला त्यावरून मी गाढव म्हटलं होतं.

"मी गाढव हाय," मी म्हटलं.

"नाही हो, बाबा."

"हाय. पण आता दुसरं सांग. हे सोळा गडी तू एवढे पळवतेस कशाला?"

"मी नाही पळवत. ते स्वतःच पळतात. जेवढा जोर मिळेल तेवढा घेतात."

"आणि कमी दिला तर?"

"उशीर होईल."

"किती?"

"कधी मोजलं नाही. सगळे म्हणतात फुल ठेवा."

मग मी तिला खळ्याची गोष्ट सांगितली. मी तरणा असताना मळणी बैलांनी व्हायची. मधे खुंट, त्याभोवती सहा बैल एकाला एक बांधून फिरवायचे. आमच्या शेजारचा गडी बैलांना सारखा चाबूक दाखवायचा. पहिले दोन फेरे काय पळायचे. बारा वाजता तोंडाला फेस, मग सावलीत उभे, मग पुन्हा चाबूक. आमचा म्हातारा बैलांना त्यांच्या चालीने चालू द्यायचा. संध्याकाळी दोन्ही खळ्यांवरचं भात जवळपास बरोबरच निघायचं. आमचे बैल दुसऱ्या दिवशी उभे असायचे, त्याचे बसलेले.

"शेवटच्या जोराला लई खावं लागतं, पोरी. नि त्यातनं निघतं थोडं."

तिने तोंड पुसलं आणि आत गेली. मी मागे गेलो, पण दाराबाहेरच उभा राहिलो. तिने एक लहान चित्र आधी होतं तसंच लावलं. सव्वीस मिनिटं लागली. मग कुठेतरी आत जाऊन वॅट कमी केले. किती ते तिने सांगितलं होतं, दोनशेच्या वर होते ते दीडशेच्या खाली आणले. तेच चित्र पुन्हा लावलं. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो, ती खुर्चीवर, मी उंबऱ्यावर.

अठ्ठावीस मिनिटं.

"दोनच जास्त," ती म्हणाली. "आणि काटा बघा, बाबा. वीसने खाली."

"आता हे कोणाला सांगू नको," मी म्हटलं. "माझ्याकडं रांग लागंल."

पण दुपारी पत्रा तापला आणि काटा पुन्हा वर चढायला लागला. पूर्वीइतका नाही, तरी चढला. तिने आणि पोरग्याने माजघरामागच्या बंद दाराकडे बघितलं, आणि मी बघितलं हे कळल्यावर दुसरीकडे बघितलं.

ती बायकोची खोली. मातीच्या जाड भिंती, वर कौलं, खिडकी उत्तरेला. घरातली सगळ्यांत गार जागा, आम्ही भाताची बी तिथेच ठेवायचो. शेवटचे दिवस ती तिथे होती. भादव्यापासून मी ती उघडली नव्हती. पोरगा माघात एकदाच म्हणाला होता, आईची खोली झाडून घेऊ. तेव्हा मी त्याला इतकं बोललो की त्याने पुन्हा नाव काढलं नाही.

रविवारी सकाळी मी कुलूप काढलं. किल्ली माझ्याच करगोट्याला होती. आत तिची खाट, उशाशी बामची डबी, तांब्या उपडा, दोरीवर दोन लुगडी. वास तिचा नव्हता. उंदरांचा होता. मला वाटलं होतं वास तिचा असेल. लुगडी घडी करून ट्रंकेत टाकली, खाट उचलून ओटीवर आणली. झाडू मारला.

सून दारात आली. "बाबा, नको. ती खोली राहू दे."

"गार हाय. बाकी काय नाय तिथं."

खोटं बोललो. पण टेबलाचं एक टोक उचललं होतं, मग पोरग्याला दुसरं उचलावंच लागलं. वायरमनची जाड वायर तिथवर पोचली. डबा भिंतीपासून हातभर पुढे ठेवला, मागे वाट मोकळी. खिडकी उघडली. सुनेने नऊ वाजता बोर्डाचं चित्र लावलं.

मी ओटीवर त्या खाटेवर बसलो. आत गेलो नाही. पंख्यांचा आवाज येत होता, एकसुरी, बैल चालीला लागले की घुंगरांचा येतो तसा. जरा सूर बदलला की मी उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. जेवायला बसलो तेव्हा एक घास हातात धरून ऐकत राहिलो.

सून चहा घेऊन आली. "बाबा, किती वेळा उठाल?"

"मी मुतायला चाललोय."

"सातव्यांदा?"

"म्हातारा माणूस हाय."

पोरगा आतून हसला. दुपारचे दोन वाजले. मला ती वेळ माहीत होती, पडायचं ते याच वेळेला पडायचं. दोन गेले, तीन गेले. काटा सत्तरच्या वर गेला नाही, पोरगा दर थोड्या वेळाने येऊन सांगत होता, क्रिकेटचे रन सांगावे तसे. साडेचारला पंख्यांचा आवाज हळूहळू उतरला. गप्प झाला नाही, उतरला. आता मला दोन्हींतला फरक कळतो.

सून बाहेर आली आणि म्हणाली, "झालं."

"गेलं का झालं?"

"झालं, बाबा. सात तासांचं साडेसात तासांत झालं. पाठवते आता."

मी खाटेवर आडवा झालो. अंगातून काहीतरी सुटलं, भारा डोक्यावरून उतरवला की मान आपोआप वर येते तसं. त्या दिवसाआधी त्या खाटेवर मी भादव्यापासून बसलोही नव्हतो. झोपलो ते दिवेलागणीला उठलो. कोणी उठवलं नाही.

शेलूचं मात्र कोणी काही बोलेना. मी विचारणार नव्हतो. वैशाख लागला, तरी खोली गार आणि मशीन चालू. दोघं रोज कामाचं बोलायचे, पावसाचं बोलायचे, खोलीचं नाही. मी मनात म्हणायचो, चित्राचं काम जमलं म्हणजे माणसांचं जमलं असं थोडंच आहे. म्हाताऱ्याची खोड त्यांना आवडत नसेल. कोणाला आवडते?

मग एका सकाळी मी विहिरीवर होतो आणि सून फोनवर बोलत अंगणात आली. शेलूच्या खोलीची मालकीण होती पलीकडे.

"नाही, काकू. आम्ही आता इकडेच आहोत. द्या तुम्ही दुसऱ्या कोणाला."

कळशी मी भरलेली होती, तीच पुन्हा विहिरीत सोडली. का सोडली माहीत नाही. हातांना काहीतरी करायचं होतं.

रविवारी पोरगा टेंपोने सामान घेऊन आला. कपाट, वॉशिंग मशीन, दोन गाद्या, गॅसची शेगडी, तुळशीची कुंडी. टेंपोवाला नेरळचा, बोलका. घाम पुसत म्हणाला, "मामा, एवढं सामान, मावंल का घरात?"

"न मावायला काय झालं. घर काय तुझ्या टेंपोएवढं हाय?"

"नाय मावलं तर परत नेतो. भाडं अर्धं."

"कपाट आधी उतरव," मी म्हटलं, "नि बडबड कमी कर."

कपाट मी स्वतः धरलं. पोरगा नको-नको म्हणत होता, कंबर जाईल म्हणे. गेली तर गेली. सून आत कुठे काय ठेवायचं ते सांगत होती, आणि कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. मी मधे पडलो नाही. भांडा म्हटलं.

चहा पिऊन टेंपोवाला निघाला. मी फाटकापर्यंत गेलो. रस्ता उताराचा आहे, वळणापर्यंत गाडी दिसते. मागचं फळकूट त्याने लावलं नव्हतं, ते खडखड वाजत होतं आणि आत एक दोरी सोडून काही नव्हतं. गाडी वळेपर्यंत मी बघत उभा राहिलो.